मिरजोळ्याच्या आठ रात्री

झोंप ही वस्तु अशी आहे कीं, ती असते तोंपर्यंत तिच्याविषयीं कोणी दोन शब्दहि बोलत नाहीं, आणि ती गेली म्हणजे माणसास दुसरा विषय सुचत नाहीं. गेलें दीड वर्ष माझी स्थिति या दुसऱ्या प्रकारची झाली होती. दादरच्या आमच्या घरांत सर्व माणसें निजलीं म्हणजे मीं पंख्याच्या पात्यांकडे पाहत पडावें, दोनाचे, तिनाचे ठोके मोजावे, आणि पहांटे जरा डोळा लागतो न लागतो तोंच दूधवाल्यानें घंटा वाजवावी, असा क्रमच पडून गेला होता. डॉक्टरांनीं एक लहानशी पांढरी गोळी दिली. ती घेतली म्हणजे झोंप येई. परंतु ती झोंप नसून कोणी तरी दिवा मालवल्यासारखें होई, आणि सकाळीं डोक्यावर ओलें घोंगडें घेतल्यागत वाटे. तीन महिन्यांत अर्धीची एक झाली. तेव्हां त्याच डॉक्टरांनीं (गृहस्थ मोठे सरळ) मला बजावलें कीं, ही संवय वाढवूं नका. एकदम तोडूंहि नका, मी सांगतों तशी थोडी थोडी उतरवा. आणि जमल्यास आठ दिवस कोठें तरी जाऊन या.

जाण्यास जागा एकच होती. रत्नागिरीनजीक मिरजोळें येथें माझी आत्या असते. वय वर्षें अठ्ठ्याहत्तर, पाठ ताठ, आणि आवाज अजून मागील दारापासून आगरापर्यंत पोंचणारा. आमच्या घराण्यांत मूल रात्रभर रडूं लागलें, बाळंतीण जागूं लागली, किंवा परीक्षेच्या धास्तीनें कोणाची झोंप उडाली, तर "आत्येला विचारा" असें म्हणण्याची जुनी चाल आहे. मीं विचारलें. टेलिफोनवर ती एवढेंच म्हणाली, "तुझ्या गोळ्या तुझ्याजवळ असूं देत. तूं ये मात्र."

रात्रीच्या गाडीनें निघालों. निद्रानाश झालेल्यास रात्रीचा प्रवास फार सोयीचा. तेथें जागें राहण्याची लाज वाटत नाहीं. रत्नागिरी जवळ येतां येतां करबुड्याचा बोगदा लागतो. साडेसहा किलोमीटर लांबीचा हा बोगदा १९९८ सालीं कोंकण रेल्वे पूर्ण सुरू झाली तेव्हां देशांतील रेल्वेच्या बोगद्यांत सर्वांत लांब होता, आणि २०१३ सालीं काश्मिरांतील पीर पंजालचा बोगदा होईपर्यंत तो मान त्याजकडेच राहिला. डब्यांतील सर्व उतारू त्या अंधारांत घोरत होते, आणि मी एकटा खिडकीच्या काचेंत स्वतःचें तोंड पाहत होतों.

मिरजोळें हें नांव ऐकून ज्यांच्या डोळ्यांपुढें निव्वळ नारळी-पोफळीचें कोंकण उभें राहील, त्यांनीं तें चित्र थोडें दुरुस्त करून घ्यावें. गांवाचा वरचा भाग म्हणजे जांभ्या दगडाचा उघडा सडा, आणि त्यावर आज औद्योगिक वसाहत आहे. रुंद डांबरी रस्ते, पत्र्यांचे उंच कारखाने, मालमोटारींच्या रांगा, आणि त्याच बाजूस तटरक्षक दल वापरतें तो विमानतळ. रात्रीं तेथें इतका उजेड असतो कीं, खालच्या वाडींतून पाहणाऱ्यास सड्याआड चंद्र उगवतो आहे असें वाटावें, आणि हा चंद्र अमावास्येलाहि उगवतो! पण सडा संपून उतरण लागली म्हणजे पांच मिनिटांत जग पालटतें. कलमांच्या बागा, गडगे, पायऱ्यापायऱ्यांची पाखाडी, आणि शेवटीं आत्येचें चिरेबंदी घर. मार्गशीर्ष संपत आला होता. आंब्यांना मोहोर धरूं लागला होता, आणि सबंध उतरणीवर त्याचा तो गोड, किंचित् उग्र वास भरून राहिला होता. घरांत लहानमोठीं अकरा माणसें. आतेभाऊ (त्याला आम्ही सगळेच दादा म्हणतों), वहिनी, त्यांचे दोन मुलगे, एक सून, नातवंडें, आणि दादाच्या चुलत्यांचें कुटुंब. एवढ्या माणसांत बाराव्याची झोंप ती काय, असें मला क्षणभर वाटलें.

पहिल्या रात्रीं मी औषधाची वाट पाहत होतों. आत्येनें औषधाच्या आधीं दुसरेंच कांहीं सुरू केलें. दिवेलागणीनंतर तासाभरांत पानें मांडलीं. आमटी-भात, ताक, नांवाला भाजी. मला पोळी वाढलीच नाहीं. जेवण होतांच माझा मोबाईल तिनें मागून घेतला आणि माजघरांतील फडताळांत, लोणच्याच्या बरण्यांशेजारीं नेऊन ठेवला. माझ्या खोलीच्या ज्या खिडकींतून सड्याचा उजेड येई तीवर जुन्या लुगड्याची दुहेरी घडी ठोकलेली होती. मग ती काशाची वाटी आणि तुपाचें भांडें घेऊन आली, आणि मीं "आत्ये, तूं कशाला?" म्हणेपर्यंत माझा उजवा पाय तिच्या मांडीवर होता.

ज्या घरांत ही चाल उरली नसेल त्यांच्यासाठीं सांगतों. तळपायास तूप किंवा खोबरेल लावावयाचें आणि काशाची वाटी पालथी करून ती टांचेपासून बोटांपर्यंत फिरवीत राहावयाचें. कोंकणांत कांहीं घरीं कोकमाचें तेल, म्हणजे मुठेल, वापरतात. थंडींत भेगांनाहि त्याचा गुण येतो. थोड्या वेळानें तळवा काळा होतो, आणि पाहणारे म्हणतात, "बघा, किती उष्णता निघाली!" खरें पाहतां तो काळेपणा वाटीच्या धातूचा. घासून निघालेले तिचे कण तुपांत मिसळून पायास लागतात. शरीरांतून कांहीं निघत नाहीं. मात्र या उपायांत अर्थ नाहीं असें मुळींच नव्हे. १९९९ सालीं स्वित्झर्लंडांतील बाझल येथील संशोधकांनीं "नेचर" या नियतकालिकांत असें दाखवून दिलें कीं, हातपाय ऊबदार झाले म्हणजे झोंप लवकर लागते. कातडीखालच्या शिरा रुंद होतात, पोटांतली उष्णता त्या वाटेनें बाहेर पडते, आतील शरीर किंचित् थंड होतें, आणि मेंदूस निजण्याची खूण मिळते. म्हणजे उष्णता बाहेर पडते हें म्हातारीचें म्हणणें खरें. ती वाटीवर काळी होऊन दिसते हें तेवढें खोटें.

सर्वांत शेवटीं औषध आलें. सहाणेवर दुधाचे चार थेंब टाकून आत्येनें जायफळाचे दोन वळसे घेतले. मोजून दोन. तें उगाळलेलें कोमट दुधांत कालवलें आणि पेला माझ्या हातीं दिला. "एवढ्यानें काय होणार?" असें माझ्या चेहऱ्यावर उमटलें असावें. "झोंप नाहीं आली तर लोळत पडूं नकोस," ती म्हणाली. "उठून ओटीवर बस. डोळे जड झाले कीं मग अंथरुणावर जा. आणि सकाळीं कितीहि वाईट रात्र जावो, सहाला उठायचें. दुपारीं निजलास तर मी पाणी ओतीन." मी थक्क झालों. माझ्या डॉक्टरांनीं दिलेल्या छापील कागदावर हेच नियम होते. दीर्घकाळच्या निद्रानाशावर आज वैद्यकशास्त्र पहिला उपचार म्हणून गोळी सांगत नसून हेंच वळण सांगतें. अंथरूण हें फक्त झोंपेचें स्थान, आणि उठण्याची वेळ अढळ. तो कागद मीं दादरला टेबलाच्या खणांत ठेवून दिला होता.

पहिल्या तीन रात्रीं तीन, साडेतीन, चार तास अशी झोंप आली. अर्धी गोळी चालू होतीच. दिवसां मी आगरांत हिंडत असें, आणि तेथें माझी ओळख जायफळाच्या झाडाशीं झाली. ज्या फळाचें उगाळलेलें बाळपणापासून पोटांत गेलें, त्याचें झाड पन्नाशी उलटल्यावर प्रथम पाहावें याची शरम वाटली. नारळीच्या सावलींत वाढणारें हें गर्द हिरवें झाड. फळ पिवळसर, लहान पेरूएवढें. पिकलें म्हणजे तें आपण होऊन उकलतें, आणि आंत काळ्या तकतकीत कवचावर लालभडक जाळी दिसते. ती जाळी जायपत्री, आणि कवचाच्या पोटांत जायफळ. झाडांत नर आणि मादी निराळीं असतात. बी पेरून लावलें तर पांचसात वर्षें खतपाणी घालून शेवटीं नर निघायचा, अशी या पिकाची थट्टा होती. आतां कलमें बांधतात, त्यामुळें ती चिंता गेली. रत्नागिरीच्या खाडीपलीकडे भाट्ये येथें कोंकण कृषि विद्यापीठाचें नारळ संशोधन केंद्र आहे. नारळाच्या मधल्या जागेंत जायफळ, दालचिनी, मिरी लावण्याची तेथील "लाखी बाग" पाहून दादानें हीं झाडें लावलीं. मूळचें हें झाड बांदा बेटांतलें, आजच्या इंडोनेशियाच्या पूर्व भागांतलें. त्यांतील रन नांवाच्या चिमुकल्या बेटावरचा हक्क इंग्रजांनीं १६६७ च्या तहांत डचांना सोडला आणि मॅनहॅटन आपल्याकडे राखलें. आज न्यूयॉर्क जेथें उभें आहे ती भूमि एके काळीं जायफळाच्या तागडींत तोलली गेली होती!

एवढी महती ऐकल्यावर दोन वळशांवर समाधान मानणें मला जमलें नाहीं, आणि येथें मला माझ्या मूर्खपणाची हकीकत सांगितली पाहिजे. चौथ्या रात्रीं घरांत पाहुणे होते, आत्या स्वयंपाकघरांत गुंतली होती. मीं विचार केला, दोन वळशांनीं चार तास, तर अख्ख्या जायफळानें आठ तरी होतील. (हिशेबनीसाच्या नोकरींत पस्तीस वर्षें काढल्यावर दुसरें काय सुचणार?) किसणीवर एक मोठें जायफळ सबंध किसलें, दुधांत ढवळलें, आणि नाक धरून पिऊन टाकलें. वर गोळीचा अर्धा तुकडाहि घेतला. तास गेला, दोन तास गेले, कांहींच नाहीं. हीच या पदार्थाची फसवी खोड आहे. मध्यरात्रीनंतर तोंडाला इतकी कोरड पडली कीं जीभ टाळूस चिकटली. मग छाती धडधडूं लागली. भिंत जवळ येते आहे, दूर जाते आहे असें दिसूं लागलें, आणि सर्वांत वाईट म्हणजे आपण आतां मरणार, अशी एक थंड खात्री मनांत बसली. हांक मारावी तर कोणाला काय सांगावें तें सुचेना. अखेर दादाला जाग आली, आणि त्यानें मला गाडींत घालून रत्नागिरीस दवाखान्यांत नेलें.

तेथील तरुण डॉक्टरीणबाईंनीं सर्व ऐकून घेतलें, नाडी पाहिली, हृदयाचा आलेख काढला, आणि जराहि न हंसतां सांगितलें कीं, जायफळांत मिरिस्टिसिन नांवाचें एक द्रव्य असतें. चिमूटभरानें कांहीं बिघडत नाहीं, पण पांच ग्रॅमच्या आसपास, म्हणजे एका फळाएवढें पोटांत गेलें, कीं तें विष होतें. तीन ते सहा तासांनीं अंमल चढतो आणि दिवसभर उतरत नाहीं. त्यांतून झोंपेच्या गोळीची भर. लहान मुलास तर याहून पुष्कळ थोडेंहि बाधतें. दुसऱ्या दिवशीं संध्याकाळीं मी घरीं परतलों. आत्या मला एक शब्द बोलली नाहीं. फडताळांतली जायफळें तेवढीं तिनें डब्यासकट उचलून आपल्या ट्रंकेंत कुलपांत घातलीं.

दुसरे दिवशीं ती आपण होऊन म्हणाली, "वळसा म्हणजे काय तें तुला कळलें नाहीं. सहाण जेवढें देते तेवढेंच माणसानें घ्यावें. किसणी आली आणि डब्यांतली पूड आली, तेव्हांपासून चमचे सुरू झाले." मग तिनें तिच्या आजेसासूबाईंपासून चालत आलेली एक गोष्ट सांगितली. या जिल्ह्यांतील हजारों माणसें मुंबईच्या गिरण्यांत गेलीं हें सर्वांस ठाऊक आहे. या गांवांतूनहि बायका गेल्या. त्या दहा तास कामावर उभ्या राहत, आणि खोलींत ठेवलेलें तान्हें मूल शांत राहावें म्हणून त्याला अफूची बारीक गोळी देत. तिला नांव मोठें लाडकें, बाळागोळी. मुंबई सरकारनें १९२२ च्या सुमारास गिरण्यांतील बायकांची स्थिति पाहण्यास बार्न्स नांवाच्या डॉक्टरीणबाईंस नेमलें होतें. त्यांना या बायकांच्या शेंकडा ९८ अर्भकांस अफू दिली जात असल्याचें आढळलें. शेंकडा अठ्ठ्याण्णव! आत्येच्या आजेसासूबाई सुटीवर आलेल्या त्या लेकरांकडे पाहून म्हणत, "हें मूल झोंपलेलें नाहीं, निजवलेलें आहे." तेव्हांपासून या घरांत बाळगुटींत जायफळाचा वळसा अर्धाच, आणि खसखशीच्या बोंडाला दारांतूनच नमस्कार. आजचे बालरोगतज्ज्ञ तर पहिले सहा महिने आईच्या दुधाखेरीज कांहींच देऊं नका म्हणतात. "मग अर्धा वळसाहि गेला," आत्या म्हणाली, "गेला तर जाऊं दे. नातसुनेचीं दोन्ही मुलें त्यावांचून निजलीं."

सहाव्या दिवशीं दादा मला गांवांतील एका वयोवृद्ध वैद्यांकडे घेऊन गेला. हे वैद्य आतां औषध देण्यापेक्षां न देण्याबद्दल अधिक प्रसिद्ध आहेत. त्यांच्या अंगणांत मला सर्व निद्राजनक वनस्पति पाहावयास मिळतील अशी माझी कल्पना. त्यांनीं मला प्रथम नांवांचा घोटाळाच दाखविला. ही कुंपणावरची पांढरी फुलें कसलीं? तगर. पण ग्रंथांतली तगर ती नव्हे. ती हिमालयांतली एक मुळी आहे, आणि तिचीच विलायती बहीण युरोपांत झोंपेसाठीं उकळून पितात. एका गृहस्थानें पुस्तकांत वाचून या अंगणांतल्या तगरीचें मूळ खणून नेलें होतें. वैद्यांनीं त्याला पाखाडीवर गांठून तें टाकावयास लावलें. ही ओलाव्यांत पसरलेली गोल पानांची ब्राह्मी? कोंकणांत हिला कारिवणा म्हणतात, शास्त्रकारांची ती मंडूकपर्णी; नीरब्राह्मी निराळी, तिचीं पानें बारीक व मांसल. शंखपुष्पी म्हणून तर निरनिराळ्या प्रांतांत निरनिराळ्या वेली विकतात, आणि त्यांत आपल्या दारची गोकर्णहि येते. "बाटलीवर शंखपुष्पी लिहिलेलें असतें," वैद्य म्हणाले, "आंत कोणती ती बाटलीलाच माहीत."

मग त्यांनीं एका कुंडींतलें हातभर उंचीचें झाड दाखविलें. तिनतिनांच्या घेरांत निघणारीं तजेलदार पानें. कोंकणांत हिला अडकई म्हणतात, बाकीच्या जगांत सर्पगंधा. सर्पदंशावर ही रामबाण अशी पूर्वापार समजूत. परळच्या हाफकिन संस्थेंत म्हसकर आणि केयस यांनीं सर्पदंशावरील शेंकडों वनस्पति तपासून १९३१ सालीं जाहीर केलें कीं, यांत एकीचाहि उपयोग नाहीं. गंमत अशी कीं, त्याच १९३१ सालीं कलकत्त्यास गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस यांनीं हीच मुळी उन्मादावर आणि वाढलेल्या रक्तदाबावर गुणकारी असल्याचें लिहिलें. १९४९ सालीं मुंबईचे डॉक्टर रुस्तम जाल वकील यांनीं रक्तदाबाच्या पन्नास रोग्यांवरील अनुभव "ब्रिटिश हार्ट जर्नल"मध्यें प्रसिद्ध केला, आणि मग युरोप जागा झाला. १९५२ सालीं बाझलच्या सीबा कंपनींत या मुळींतून रिसर्पीन वेगळें काढलें गेलें. बाझल पुन्हा आलें पाहा. आमच्या काशाच्या वाटीचा न्यायहि पुढें त्याच शहरांत झाला. कांहीं वर्षें रिसर्पीनचा मोठा बोलबाला झाला. वेड्यांच्या इस्पितळांतून साखळ्या सुटल्यासारखें लोकांना वाटलें. नंतर हळूहळू दिसूं लागलें कीं, तें घेणाऱ्यांपैकीं कित्येकांचें मन खचतें, आणि कोणी कोणी जिवावर उठतात. आज त्याचा वापर फार थोडा राहिला आहे. आणि मुळ्यांसाठीं झाडें उपटून उपटून रानांतली अडकई इतकी दुर्मिळ झाली कीं, तिच्या परदेशी व्यापारावर आंतरराष्ट्रीय निर्बंध आले. "ही झोंप आणते हें खरें," वैद्य म्हणाले. "म्हणूनच मी कोणाला देत नाहीं. एक पान तोडाल तर माझी तुमची ओळख संपली."

मीं अश्वगंधेविषयीं विचारलें, कारण दादरला निम्मे शेजारी तीच घेतात. त्यावर त्यांनीं बरें आणि वाईट दोन्ही सांगितलें. अलीकडच्या कांहीं चांचण्यांत तिनें झोंप थोडी सुधारते असें दिसलें आहे. पण थायरॉइडचें औषध घेणाऱ्यानें व गरोदर बाईनें ती परस्पर घेऊं नये, क्वचित् यकृतासहि अपाय झालेला आहे, आणि डेन्मार्कनें २०२३ सालीं तिच्यावर बंदीच घातली. पिंपळमूळ गुळांतून देण्याचा मागाहूनच्या ग्रंथांतला पाठ ते अजून क्वचित् वापरतात. नंतर आंतून त्यांनीं चरकसंहितेची जुनी प्रत आणली आणि सूत्रस्थानाचा एकविसावा अध्याय उघडून झोंप आणणाऱ्या गोष्टींची यादी मला वाचून दाखविली: अंगास तेल लावणें, उटणें, स्नान, दूध, तूप, दहींभात, अंग चेपणें, डोक्यास व तोंडास लेप, मनाजोगता वास, कानाला गोड लागणारा शब्द, मऊ अंथरूण, चांगलें घर, आणि योग्य वेळ. मध्येंच मांसरस आणि मद्यहि आहे, तें त्यांनीं घाईनें वाचलें आणि दादानें खिडकीबाहेर पाहिलें. "आतां सांगा," पुस्तक मिटून ते म्हणाले, "यांत मूळ, पाला, काढा कोठें आहे?" खरोखरच नव्हता. चरकांस औषधी वनस्पति ठाऊक नव्हत्या असें म्हणण्यास कोणी धजणार नाहीं. तरीहि झोंपेच्या यादींत त्यांनीं घातलें तें सगळें शरीराच्या आणि मनाच्या सुखाचें. निघतांना वैद्य आणखी एक बोलले. "ज्याची झोंप महिनाभर उडाली, अन्न तुटलें, आणि जगण्यांत गोडी राहिली नाहीं, त्याला मी जायफळ सांगत नाहीं. रत्नागिरीला १८८६ पासून मनोरुग्णालय आहे. लोक त्या फाटकाला लाजतात. मी बरोबर जाऊन पोंचवून येतों."

सातव्या रात्रीं मला साडेपांच तास झोंप आली, आणि साडेतीनला जाग आली. नियमाप्रमाणें उठून ओटीवर जावें म्हणून माजघर ओलांडूं लागलों, तों मागील पडवींत मंद दिवा. आत्या भिंतीस टेकून बसली होती. पुढ्यांत सूप, सुपांत तांदूळ. पण हात हालत नव्हता. डोळे दाराकडे होते.

"आत्ये, तुला झोंप येत नाहीं?"

"येते रे. मी झोंपत नाहीं."

मग हळूहळू कळलें. दादाचा धाकटा मुलगा सड्यावरच्या एका कारखान्यांत आहे. दर तीन आठवड्यांनीं त्याची तिसरी पाळी येते. रात्रीं अकराला जाणें, सकाळीं सातला सुटणें. पावसाळ्याआधीं एकदां घरीं येतांना त्याचा मोटारसायकलीवर डोळा लागला आणि तो गाडीसकट गडग्यावर आदळला. खांद्याचें हाड मोडलें, त्यावरच निभावलें. घरांत सर्वांना एवढेंच ठाऊक कीं, वळणावर गुरूं आडवें आलें. खरें काय तें त्यानें फक्त आजीला सांगितलें आणि कोणाला सांगणार नाहींस अशी शपथ घातली. तेव्हांपासून तिसऱ्या पाळीचा आठवडा आला कीं आत्या रात्रीं बसून राहते. सकाळीं तो आला म्हणजे त्याच्या खोलीच्या खिडक्यांवर लुगडीं ओढते, आणि दुपारपर्यंत त्या दारापुढें पाट टाकून बसते. मुलांना ओरडूं देत नाहीं, कावळ्यांनाहि नाहीं. अर्थात् तिची स्वतःची झोंप रात्रीं नाहीं आणि दिवसांहि नाहीं. माझ्या खोलींतली ती लुगड्याची दुहेरी घडी या कामांतली होती. आणि मी मात्र सहा दिवस त्या बाईसमोर माझ्या तासांचे हिशेब मांडीत होतों!

तिच्यासाठीं माझ्याजवळ काय होतें? वैद्यांच्या अंगणांत नव्हतें, माझ्या डब्यांतल्या गोळींत नव्हतें. मीं तिला एवढेंच म्हटलें कीं, ही शपथ तूं मोडायला हवी. ती कांहीं बोलली नाहीं. मग मीं फडताळांतून काशाची वाटी काढली. तिनें पाय आंखडून घेतले. भाच्याकडून पाय चोळून घेणें तिला अवघड वाटत होतें. मीं हट्ट केला. तिचे तळवे मुठेलानेंहि न भरलेल्या भेगांनीं चिरलेले होते, वाटी त्यांवर अडकत होती. हळूहळू तिची मान एका बाजूस कलली. सूप मीं बाजूला सरकवलें आणि वाटी फिरवीत राहिलों. सात वाजून गेल्यावर पाखाडीवर गाडीचा आवाज आला, तेव्हां ती झोंपेंतच होती. मुलगा दारांत येऊन थबकला. मीं ओठांवर बोट ठेवलें, आणि त्याला बाहेर ओटीवर घेऊन गेलों.

आम्ही दोघे बराच वेळ बोललों. तो स्वतःच म्हणाला कीं, बाबांना सांगतों. तिसऱ्या पाळीच्या आठवड्यांत तो आतां गाडी घरीं ठेवतो. वाडींतल्या आणखी दोघांबरोबर रिक्षा ठरविली आहे, आणि ती चालवणारा रात्रीं झोंपलेला असतो. सकाळचें ऊन डोळ्यांवर येऊं नये म्हणून तो काळा चष्मा लावून येतो, त्यावरून वहिनी त्याची थट्टा करते.

आठवी रात्र कशी गेली तें मला सांगतां येत नाहीं, कारण मी झोंपलों होतों. दादरला परत आलों तेव्हां पिशवींत ओले काजूगर, कोकमें, आणि कागदाच्या पुडींत एकच जायफळ होतें. पुडीवर आत्येच्या अक्षरांत "वळसे दोन" असें लिहिलें आहे, आणि खालीं रेघ मारलेली आहे. गोळी डॉक्टरांच्या सांगण्याप्रमाणें पावावर आली आहे. परवां रात्रीं दहाला आत्येकडे टेलिफोन केला. नातसून म्हणाली, "आजी निजल्यात. उठवूं का?" मीं नको म्हटलें.